आत्याबाईचा शेंदूर

मला इंजिनांचं प्रेम कधीच नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. हल्ली कुणी जुन्या आगगाड्यांबद्दल गहिवरून बोलायला लागलं, की मला आठवतात ती आमच्या कल्याणच्या दोरीवरची धुणी. पांढरंशुभ्र धोतर वाळत घालावं आणि काढताना ते उंदराच्या रंगाचं निघावं! लोको शेड आमच्या रेल्वे चाळीला लागूनच होती, मध्ये फक्त एक बुटकी भिंत. वारा खाडीकडून आला तर ठीक. शेडकडून आला, की वरणातसुद्धा काजळी तरंगायची. मी डोंबिवलीची. तेव्हाची डोंबिवली म्हणजे भाताची खाचरं, विहिरी आणि छाती भरून घ्यावी अशी हवा. तिथून लग्न होऊन या धुरात आलेले, त्यामुळे पहिलं वर्षभर मी येताजाता नुसती कुरकुरत होते.

सगळ्यात जास्त राग होता तो आत्याबाईवर. आत्याबाई म्हणजे यार्डातलं एक जुनं, ठेंगणं इंजिन. लांबच्या गाड्या ओढायचं तिचं वय केव्हाच सरलेलं. दिवसभर यार्डात हिंडायचं, इकडचा डबा तिकडे ढकलायचा, तिकडचा इकडे आणायचा, एवढंच तिचं काम. जिथं तिथं नाक खुपसते आणि सगळ्यांना ढोसत फिरते म्हणून आत्याबाई. नाव कुणी ठेवलं कोण जाणे. माझी सख्खी आत्या एकदा आमच्याकडे राहायला आली आणि हे नाव ऐकून तिनं तोंड वाकडं केलं, पण दोन दिवसांत तिनं शेजारच्या तीन खोल्यांतल्या भांडणांत मध्यस्थी केलेली पाहून मला हसू आवरेना.

ही आत्याबाई नेमकी आमच्या भिंतीलगत येऊन उभी राहायची आणि फुसकन धूर सोडायची. मी पळी हातात घेऊन बाहेर यायची आणि तिला शिव्या घालायची. एकदा मामंजींनी ते ऐकलं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, शेडमध्ये बॉयलर मिस्त्री होते. ते मला काही बोलले नाहीत. सासूबाईंना मात्र म्हणाले, "सुनेला सांग, तिला टाकून बोलू नये. म्हातारी आहे."

घरात त्यांचं बोलणं एवढंच. मूळचे कोकणातले, तरुणपणी शेडमध्ये लागले ते थेट आत्याबाईच्या बॉयलरवर, आणि तीस वर्षं तिचं दुखणंखुपणं त्यांनीच पाहिलेलं. घरात कुणाला ताप आला तर सासूबाईंनी सांगेपर्यंत त्यांना पत्ता नसायचा. पण भिंतीपलीकडून आत्याबाईचा सुस्कारा ऐकू आला, की जेवता जेवता घास थांबवून म्हणायचे, "डाव्या अंगाला गळतंय वाटतं." आणि खरोखरच गळत असायचं. मला याची फार गंमत वाटायची आणि थोडा रागही यायचा. माणसांच्या घरात इंजिनाचे एवढे लाड!

त्यात ती खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेडमध्ये हत्यारांची पूजा व्हायची. हातोडे, पाने, करवती, सगळं धुऊनपुसून मांडायचं, प्रत्येक इंजिनाला झेंडूचा हार. पण मुख्य पूजा आत्याबाईची. तिच्या पुढच्या मोठ्या चाकावर लोखंडाची एक कमान होती, तिच्यावर तेलात कालवलेला शेंदूर थापायचा. कुठल्या जुन्या मिस्त्र्यानं ही पद्धत सुरू केली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दर वर्षी नवा थर चढायचा आणि जुना कुणी काढायचा नाही, कारण शेंदूर काय काढायचा असतो? थरावर थर बसून तिथं चांगला चार बोटं जाडीचा तांबडाभडक गोळा झालेला. त्यावर कुणीतरी नवस फेडताना चांदीचे डोळे आणून चिकटवले. झालं! इंजिनाची देवी झाली. चाळीतल्या बायका मुलांच्या परीक्षेआधी भिंतीवरून तिला नारळ दाखवायच्या. आणि मला विचाराल, तर लग्नानंतर कुलदेवतेच्या आधी मला कुणाच्या पाया पडायला नेलं असेल, तर या इंजिनाच्या. अंगावर शालू, हातात हिरवा चुडा, आणि मी कोळशाच्या ढिगावर उभी! माहेरी मी ही गोष्ट पुष्कळ दिवस कुणाला सांगितली नाही.

मग एका पावसाळ्यात आत्याबाईचा बॉयलर थकला. साहेब लोकांनी तपासून कागद केला की आता दुरुस्तीत अर्थ नाही. तिच्या अंगावर पांढऱ्या रंगाची मोठी फुली मारली आणि तिला भिंतीलगतच्या मोडक्या इंजिनांच्या रांगेत नेऊन उभं केलं. फुलीचा अर्थ चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. गॅस घेऊन कापणारे यायचे, आधी धुराडं, मग बॉयलर, आणि तिसऱ्या दिवशी इंजिनाच्या जागी नुसतं तेलकट गवत राहायचं. तुकडे उघड्या वॅगनीतून जायचे. आत्याबाईच्या पुढं रांगेत चार इंजिनं होती. मग तीन झाली. मग दोन.

मला आधी वाटलं, बरं झालं, आता धुणी तरी स्वच्छ राहतील. पण मामंजी ताटावरून अर्धंमुर्धं खाऊन उठायला लागले. शेडमधून घरी यायचा त्यांचा रस्ता भिंतीकडून होता, तो सोडून ते स्टेशनाला वळसा घालून यायला लागले. एका संध्याकाळी सासूबाईंना म्हणाले, "पुढच्या वर्षी मी सुटणार नोकरीतून. तोवर तरी ती राहायला हवी होती. माझ्या डोळ्यांदेखत कापणार तिला, आणि मीच तिथं उभा राहणार." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. मी पोळ्या लाटत होते. इंजिनाबद्दल माझं मत काही बदललं नव्हतं, पण त्या माणसाचा तो आवाज ऐकून माझी पोळी लाटता लाटता वाकडी झाली, हे खरं.

आमचे हे ठाण्याला एका कचेरीत कामाला होते. एक दिवस ते बातमी घेऊन आले. रेल्वेला शंभर वर्षं होणार म्हणून ठाण्यात सगळे ताठ मानेनं हिंडताहेत. पहिली गाडी बोरीबंदरहून सुटली ती ठाण्यालाच आली ना, म्हणून! यांच्या कचेरीतला एकजण तर अशा थाटात बोलत होता, की जणू त्याच्या आजोबांनीच ती हाकली. "कल्याणला तेव्हा कोण विचारत होतं?" असं तो म्हणाला, म्हणून हे चिडून आलेले. मी म्हटलं, "अहो, ते राहू द्या, पुढं सांगा." पुढची गोष्ट अशी होती की दिल्लीला मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यासाठी ठिकठिकाणची जुनी इंजिनं शोधून जपून ठेवायचं ठरलं होतं.

मामंजी पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून उभे राहिले. "जपून म्हणजे? कापायची नाहीत?"

"नाही कापायची."

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा थेट माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तुला इंग्रजी येतं ना? अर्ज लिही."

माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण भांडायला पुरेसं. मी असा काही अर्ज ठोकला की पंधरा दिवसांत एक साहेब स्वतः इंजिन पाहायला आला. तरुण होता, आपल्याकडचाच, मराठी बोलणारा. डोक्यावर हॅट आणि हातात वही. आम्ही बायका भिंतीच्या अलीकडे दगडांवर चढून उभ्या होतो, त्यामुळे सगळं दिसत होतं नि ऐकूही येत होतं.

साहेबानं सांगितलं, "इंजिन गेल्या शतकातलं असेल तरच ठेवता येईल. तशी अट आहे. हिचं साल काय?"

मामंजी म्हणाले, "आमच्या उस्तादांच्या उस्तादांनी हिच्यावर काम केलंय."

"ते खरं हो, पण पुरावा?"

जुनी रजिस्टरं वाळवीनं केव्हाच खाल्लेली. मग साहेब म्हणाला, इंजिन बनवणारा कारखाना आपली पितळी पाटी इंजिनावर ठोकतो, तिच्यावर साल असतं. ती कुठाय? यावर सगळे फिटर आपापल्या पायांकडे पाहायला लागले. रांगेतल्या एकाही इंजिनावर पाटी शिल्लक नव्हती. पितळ कुणाला नको असतं? कल्याणात किती देवघरांत इंजिनाच्या पितळेची पळी-पंचपात्रं होती, ते मी सांगत नाही.

साहेब आत्याबाईभोवती हिंडला, वाकला, आणि पुढच्या चाकाच्या कमानीपाशी थांबला. "या बनावटीच्या इंजिनांना पाटी इथंच असते," असं म्हणून त्यानं बोट केलं. तिथून चांदीचे डोळे त्याच्याकडे टक लावून पाहत होते. कामगारांनी पटापट वहाणा काढल्या.

"हे काय आहे?"

"देवी आहे साहेब."

"बरं. याच्याखाली काय आहे?"

खालचं पाहिलेला माणूस हयात असता तर ना!

"मग हे काढावं लागेल," साहेब म्हणाला. एकही माणूस हलला नाही. साहेबानंसुद्धा स्वतःचा हात पुढं केला नाही, हे मी नीट पाहिलं. त्यानं हॅट काढली, गुपचूप नमस्कार केला आणि म्हणाला, "मी सोमवारी परत येतो. पाटी निघाली आणि साल बसलं, तर मी लगेच कागद करतो. नाहीतर मंगळवारी कापणारे येणार आहेत. त्यांना मला थांबवता येणार नाही."

तो दिवस होता शनिवार.

संध्याकाळी जेवताना मी सरळ विषय काढला. "मामंजी, खरवडायला हवं."

"कुणाला?"

"आत्याबाईला. दुसऱ्या कुणाला?"

सासूबाईंनी डोळे वटारले. हे आमटीकडे पाहत बसले. मामंजी सावकाश म्हणाले, "तीस वर्षं ज्या जागी डोकं टेकवलं, तिथं खरवडणं चालवू? आणि खाली पाटी नसलीच तर? कुणी शेंदूर लावायच्या आधीच काढून नेली असली तर? देवीही गेली आणि इंजिनही गेलं. मग मी कुणाकडे तोंड करून उभा राहू?"

मी आमच्या डोंबिवलीच्या मारुतीची गोष्ट सांगितली. त्याच्यावरचं शेंदराचं कवच एकदा सुटून आलं, तर गावानं ते वाजतगाजत खाडीत नेऊन सोडलं, आणि आतली मूर्ती इतकी रेखीव निघाली की लोक बघतच राहिले.

"ते आपोआप सुटलं," मामंजी म्हणाले. "ती देवाची इच्छा. खरवडणं ही माणसाची इच्छा."

"मग तुमची इच्छा नाहीये का?"

मी हे बोलून गेले आणि माझी मीच चपापले. यांना जोराचा ठसका लागला. मामंजी हात धुवायला उठले.

रविवारी दुपारी मामंजी तोंडावर पंचा घेऊन आडवे झाले. झोपले नव्हते, मला कळत होतं. मी मनाशी म्हटलं, हा माणूस असाच पडून राहणार, उद्या साहेब येणार, परवा गॅस येणार, आणि जन्मभर या घरात कुणी नीट जेवणार नाही. माझं डोकंच फिरलं. तिळाचं तेल कोमट केलं, नारळाची शेंडी घेतली, भाकरी उलटायचं उलथनं घेतलं, आणि भिंतीच्या खिंडारातून पलीकडे गेले.

आधी हात जोडले. म्हटलं, "आत्याबाई, धुण्यापायी मी तुला पुष्कळ बोलले, ते मनावर घेऊ नकोस. आता जे करते ते तुझ्याच भल्यासाठी. पटत नसेल तर कोसळायचं ते माझ्यावर कोसळ, त्या म्हाताऱ्यावर नको." मला त्या क्षणी खरंच भीती वाटत होती. चांदीचे डोळे अलगद काढून तांदळाच्या वाटीत ठेवले, गोळ्यावर तेल ओतलं आणि उलथनं लावलं.

पहिली करकर ऐकू आली मात्र, भिंतीवर डोकीच डोकी! "अगं, काय करतेस हे!" "अगं, वेड लागलं की काय!" "हिला कुणीतरी धरा गं!" सासूबाई धावत आल्या. त्यांना खिंडारातून शिरवेना, तशाच दगडावर उभ्या राहून ओरडल्या, "अगं, निदान डोक्यावर पदर तरी घे!"

मी पदर घेतला आणि पुन्हा खरवडायला लागले. वरचा थर पापुद्र्यासारखा निघाला, पण खालचा काही केल्या हलेना. मी जोर केला. तेवढ्यात मागून असा आवाज आला की माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं.

"थांब!"

मामंजी. अंगात नुसती बंडी, पंचा अजून खांद्यावर, चेहरा त्या शेंदरासारखाच लाल. मी म्हटलं, आता आपलं काही खरं नाही. ते ताडताड आले, वाकले, उलथनं उचलून माझ्या नाकासमोर धरलं.

"उलथन्यानं पितळ खरवडतात? उलथन्यानं? खाली पाटी असली आणि ओरखडा गेला आकड्यावरून, मग काय वाचणार आहे तो साहेब?"

"मग कशानं खरवडू?" मी पण आवाज चढवलाच.

"खरवडायचंच नाही! कडेनं सोडवायचं असतं. इतकी वर्षं मिस्त्र्याच्या घरात... सरक तिकडे."

इतकी वर्षं कसली, दीडच वर्ष झालेलं, पण मी मुकाट्यानं सरकले. त्यांनी हुकूम सोडायला सुरुवात केली. गरम पाण्याची चिंधी आणा. रॉकेल आणा. बाभळीच्या लाकडाची पाचर आणा, लोखंड चालायचं नाही. चाळीतली माणसं, जी मघाशी मला धरायला निघालेली, ती पाचर शोधायला पळाली. मामंजींनी कडेकडेनं गरम फडकं दाबलं, रॉकेल मुरू दिलं, बोटाच्या पेरानं गोळ्यावर टकटक करून कान लावला, जरा थांबले, आणि पाचर घालून मनगटाला एक हिसका दिला. गोळा अख्खा सुटून त्यांच्या ओंजळीत आला, नारळाची करवंटी सुटते तसा. पाठीमागून पाहिलं तर थरांत थर, कुठं तांबडा, कुठं केशरी, मध्येच अडकलेली झेंडूची पाकळी, तांदळाचे दाणे. मामंजींनी तो पंच्यावर ठेवला आणि वर पाहिलं.

पाटी होती! पिवळीधमक, काल ठोकल्यासारखी.

मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंना हाक मारली ती "अगं ए!" अशी. त्याही ओ देऊन बसल्या.

मामंजींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. तीस वर्षं इंजिनांच्या पोटात शिरून आलेला माणूस त्या अक्षरांसमोर हात बांधून उभा होता. "वाच," ते म्हणाले. मी अडखळत कारखान्याचं नाव लावायला लागले, मग विलायतेतल्या कुठल्याशा गावाचं.

"गाव राहू दे. साल वाच."

आकड्यांत शेंदूर भरलेला. त्यांनी कानात अडकवलेली काडी काढली आणि एकेक आकडा हलक्या हातानं कोरून मोकळा केला.

"एक," मी म्हटलं.

"पुढं?"

"आठ."

त्यांची काडी पुढच्या आकड्यावर गेली. "पुढं?"

"पुढचं काही का असेना मामंजी! अठराशे आहे म्हणजे गेलं शतक!"

त्यावर भिंतीवरून जो गलका उठला, तो थेट स्टेशनात ऐकू गेला असणार. सोमवारी साहेब आला, पाटी पाहून त्याचा चेहरा खुलला. तो म्हणाला, "तुम्हाला कळतंय का, ही एवढी एकच का राहिली? शेंदराखाली हात घालायची कुणाची छाती झाली नाही म्हणून. इतर सगळ्या गेल्या." त्यानं तिथंच इंजिनावर वही टेकवून कागद लिहिला. फुलीवर रंग फासला. चाळीत पेढे वाटले. मामंजी चक्क हसत होते. त्यांच्या डाव्या बाजूची दाढ पडलेली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

जाता जाता साहेब म्हणाला, "तर मग पुढच्या महिन्यात दिल्लीला न्यायची व्यवस्था करू."

"आणि परत कधी आणायची?" मामंजींनी विचारलं.

"परत? परत नाही आणायची. प्रदर्शन झालं, की तिकडेच कुठं तरी जपून ठेवतील."

मामंजींचं हसू तिथल्या तिथं विरलं. त्यांना वाटलेलं, आत्याबाई इथंच राहणार, कल्याणला, शेडच्या दारात. घरी आल्यावर सासूबाईंना म्हणाले, "कापली असती तर इथं तरी कापली असती. हिनं पाटी वाचून दिली आणि म्हातारीला मुलखाबाहेर घालवली."

ऐकलंत? माझ्यामुळे! मी चुलीपुढून ताडकन उठले. "म्हणजे मीच वाईट का?" पण मामंजी पंचा घेऊन बाहेर निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मीही काही कमी नाही, मीही टाकलं. "सुनेला सांग, आमटी अळणी आहे." "मामंजींना सांगा, मीठ समोरच ठेवलंय." मध्ये सासूबाईंचे हाल. शेंदराचं कवच मात्र आमच्या मारुतीच्या कवचासारखंच ताशे वाजवत खाडीवर नेलं. मामंजींनी ते पाण्यात सोडलं आणि मी काठावर त्यांच्यापासून चांगली दहा हात लांब उभी होते. खरं म्हणाल तर माझं काही चुकलं नव्हतं. पण काही चुकलेलं नसताना अबोला सोसणं फार जड जातं. मी दोनदा मोरीत जाऊन रडले.

निघायचा दिवस आला. थंड पडलेलं इंजिन मालगाडीला जोडून न्यायचं, तर त्याच्या चाकांना वाटेत तेल द्यायला एक माणूस बरोबर बसावा लागतो. दिल्ली म्हणजे किती दिवस लागतील नेम नाही, थंडी मी म्हणतेय, आणि बसायचं इंजिनाच्या उघड्या चौथऱ्यावर. तरुण फिटरांपैकी एकाची बायको आजारी पडली, दुसऱ्याचा गुडघा धरला. मामंजी म्हणाले, "मी जातो." भुसावळच्या पुढं ते जन्मात गेले नव्हते.

सासूबाईंनी दशम्या बांधल्या, कानटोपी दिली. मी रव्याचे लाडू केलेले, ते त्यांनी सासूबाईंच्या हातून घेतले, माझ्याकडे न बघता. चाळीतल्या बायकांनी आत्याबाईची ओटी भरली, खण-नारळ तिच्या पायरीवर ठेवला. माझी पाळी आली तेव्हा मला काही सुचेना. जिला पळी उगारून शिव्या घातल्या, तिच्यापुढं मी ढसाढसा रडत होते. मामंजी तेलाचा डबा मांडीशी धरून वर बसलेले. गाडी हलली, आंबिवलीच्या दिशेनं वळली, शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसेनासा झाला. त्यांनी वळून पाहिलं नाही.

तीन आठवडे पत्र नाही की निरोप नाही. मग एक दिवस सकाळी दारात काळाकुट्ट, दाढी वाढलेला माणूस उभा. आवाज पार बसलेला. आंघोळ होईपर्यंत चाळ दारात जमली. पाटावर बसून त्यांनी सगळी हकिकत सांगितली, सासूबाईंकडे बघत, अर्थातच. स्टेशनास्टेशनावर माणसं कशी गोळा व्हायची, उत्तरेत कुठंसं एका बाईनं बुढी कुठं चालली म्हणून विचारलं, तेव्हा यांनी आपल्या हिंदीत "काशी को" म्हणून ठोकून दिलं. दिल्लीत तिला घासूनपुसून रंग दिला, भोवती दोर बांधला, पुढं शिपाई उभा केला. निघताना मामंजी तिच्या चाकाला हात लावायला गेले तर शिपाई अंगावर धावला.

"मग तिथला मोठा साहेब आला," ते सांगत होते. "म्हातारा होता. वहीत सगळं उतरवून घेत होता. म्हणाला, ही पाटी शोधून कुणी काढली? लिहून ठेवायचंय."

"मग सांगितलंत की नाही तुमचं नाव?" सासूबाईंनी विचारलं.

"माझं कशाला? मी तर तोंडावर पंचा घेऊन पडलो होतो." एवढं बोलून ते पाटावर जरा वळले. मी दाराआड उभी होते. ते तिकडं बघून बोलायला लागले. "मी म्हटलं, लिहा साहेब, कल्याण शेडच्या बॉयलर मिस्त्र्याची सून. घरच्या माणसांचा राग सोसून तिनं पाटी काढली आणि वाचली, हे पण लिहा. त्यानं लिहिलं. मी वाकून बघितलं. इंग्रजीत होतं, मला काय कळणार? पण चांगली लांब ओळ होती, सूनबाई. आणि सगळी तुझी."